पर्वरीतल्या चाळीस जणांस: धिर्योच्या विधेयकात पैजही लिहा

गोवा विधानसभेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

अधिवेशन भरलं की धिर्योचा विषय, म्हणजे न्यायालयाने बंद केलेल्या बैलांच्या झुंजी पुन्हा कायदेशीर करायची मागणी, कुठून ना कुठून निघतेच. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सत्ताधारी आणि विरोधक त्या अर्ध्या तासापुरते एका दावणीला येतात. तामिळनाडूत जल्लीकट्टू चालतं, महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत चालते, मुंबईत तर घोड्यांवर राजरोस पैसे लागतात, मग आमच्या बैलांनीच कुणाचं काय घोडं मारलंय, असा सूर लागतो. बाकं वाजतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि विषय पुढच्या अधिवेशनापर्यंत परत गोठ्यात जातो.

मला त्या घोड्यांबद्दल लिहायचंय. बत्तीस वर्षं मुंबईत नोकरी केली आणि त्यातल्या बऱ्याच रविवारच्या दुपारी महालक्ष्मीच्या कुंपणाच्या आत गेल्या. धिर्यो तर हातात पाटी होती तेव्हापासून पाहतोय. रेसचा दाखला देणाऱ्यांपैकी किती जण रेसला गेलेत, कुणास ठाऊक. मी गेलोय, म्हणून हे पत्र.

आमचं गाव पेडणे तालुक्यात. लहानपणी घोडा पाहिला तो शिगम्यातल्या घोडेमोडणीत, तोही लाकडी, माणसाच्या कमरेला बांधलेला. धावणारा खरा घोडा पाहिला १९७८ साली. मुंबईत नोकरीला लागलो होतो आणि गिरगावातल्या चाळीत काकांच्या बाहेरच्या खोलीत माझी पथारी असायची. काका छापखान्यात खिळे जुळवायचे. रात्री जेवणं झाली की दिव्याखाली रेसचं पुस्तक घेऊन बसत. कुठल्या घोड्याने मागच्या खेपेला किती वजन घेऊन किती अंतर काढलं, जॉकी कोण होता, ट्रेनरच्या तबेल्याचे या हंगामात किती घोडे लागले, हे सगळं तांबड्या पेन्सिलीच्या तुकड्याने समासात टिपायचं. काकी म्हणायची, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज छापखान्याचे मालक असता.

रविवारी दुपारी पाकिटात वीस रुपये. ते संपले की रेस संपली, हा काकांचा नियम. जिंकले तर महालक्ष्मीहून लोकलने चर्नी रोडला उतरायचे आणि घरी येताना वडे आणायचे. हरले तर चालत यायचे, ताडदेववरून, सबंध रस्ता. काकी दार उघडताना त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही, चपलांकडे बघायची. चपला धुळीने भरलेल्या दिसल्या की काही न बोलता पाय धुवायला पाणी गरम करायला ठेवायची.

वीस रुपयांचा नियम तीनेक वर्षं टिकला. मग पाकीट जाड झालं. मग एका रविवारी जॅकपॉटच्या, म्हणजे पाचही रेसचे घोडे बरोबर सांगायच्या पैजेच्या, चार रेस लागल्या आणि पाचवीत आमचा घोडा शॉर्ट हेडने गेला. शॉर्ट हेड म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढंसुद्धा अंतर नाही, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, फोटोतच दिसतं. त्या दिवसानंतर काका पूर्वीचे राहिले नाहीत. हरणाऱ्याला हार पचवता येते, जिंकता जिंकता हरणाऱ्याला नाही. काकीच्या पाटल्या कधी गेल्या ते मला कळलं नाही. सोडवून आणल्या तेव्हा मात्र मीच गेलो होतो. त्या पाचव्या घोड्याचं नाव काकांनी मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही.

तेव्हा रेसची वकिली करायला मी बसलेलो नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

महालक्ष्मीचं मैदान १८८३ सालचं, त्याआधी रेस भायखळ्याला होत. क्लब तर १८०२ सालचा. साहेबाने स्वतःसाठी उभारलेला खेळ होता तो, आणि कायदाही साहेबाने आपल्या सोयीने केला. मुंबईच्या १८८७च्या जुगारबंदी कायद्यात घोड्यांच्या पैजेला खास अपवाद आहे: परवाना असलेलं मैदान, रेसचा दिवस, आणि मैदानातली त्यासाठी राखलेली जागा. म्हणजे भिंतीच्या आत पाच रुपये लावले तर तो खेळ, आणि तेच पाच रुपये त्याच घोड्यावर भिंतीबाहेरच्या पानवाल्याकडे लावले तर गुन्हा. काका या भिंतीला हसायचे. कायदा कधी घोडा बघत नाही, म्हणायचे, तो कुंपण बघतो.

पण त्या कुंपणाच्या आत काय चालायचं, तेही सांगतो. धिर्योचा कायदा करायचा तर तुम्हाला तेच लागणार आहे.

प्रत्येक घोड्याच्या पाठीवर किती वजन असेल हे हँडिकॅपर ठरवतो. चांगल्या घोड्यावर जास्त, कच्च्यावर कमी, म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा. रेस संपल्यावर जॉकी खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभा राहतो. वजनात फरक निघाला तर जिंकलेला घोडासुद्धा बाद. जिंकलेल्या घोड्याचे नमुने तपासायला जातात, औषध-बिवषध घातलं होतं का म्हणून. वाटेत एकाने दुसऱ्याला आडवा घातला असा संशय आला की ऑब्जेक्शन लागतं आणि भोंग्यावरून सांगतात की तिकिटं फाडू नका. मी ते क्षण पाहिलेत. हजारो माणसं हातात चिठोरी धरून गप्प उभी. वर स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, रेस पुन्हा तपासतायत. दहा मिनिटांनी निकाल लागतो, आणि तो जसा लागेल तसा सगळे मान्य करतात. शिव्या देतात, पण मान्य करतात.

आणि पैसा. टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैजेच्या, खिडकीवर जमलेला सगळा पैसा एका ढिगात जातो. त्यातून सरकारचा कर आणि क्लबचा वाटा कापतात, उरलेला जिंकलेल्या तिकिटांवर वाटतात. दहा रुपयांच्या तिकिटाला किती मिळाले तो आकडा फळ्यावर लागतो. बुकीही परवान्याचे, आपापल्या स्टॉलवर, भाव सगळ्यांना दिसेल असा लावून बसलेले. त्या मैदानावर काकांची फसवणूक कधीच झाली नाही. त्यांचं दिवाळं पूर्ण नियमानुसार निघालं.

रेसवाल्यांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. चाबूक घोड्याला बसतो, आणि पाय मोडलेल्या घोड्याचं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. १९७९ साली कार्ल उमरीगर नावाचा जॉकी महालक्ष्मीला पडला आणि त्यातच गेला. वीसही पुरा झाला नव्हता पोरगा. पुढचे कित्येक दिवस काकांनी रेसचं पुस्तक उघडलं नाही. मग उघडलं. अलीकडे तर सगळाच पसारा आवरता घ्यावा लागतोय: २०२४ मध्ये २११ एकरांतले १२० एकर उद्यानासाठी सोडायचं ठरलं, आणि पैजेवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जुने रेसवाले मित्र फोनवर सांगतात की आता खिडकीवर जाणारा वेडा, सगळे बाहेरच्या बुकीकडे. भिंत राहिली, माणसं बाहेर गेली.

आता आपल्याकडे येतो. येताना १९९६ सालात जरा थांबू या.

त्या वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं रक्त, त्याची तयारी, जॉकीची बैठक, हे सगळं पारखून पैसे लावले जातात, म्हणून त्यावरची पैज जुगार ठरत नाही. त्याच वर्षी आपल्या गोव्याने १९७६च्या जुगार कायद्यात दुरुस्ती केली आणि जहाजावर जुगाराची टेबलं लावायला वाट करून दिली. आणि त्याच वर्षी, दक्षिण गोव्यात बैलाच्या शिंगाने एका माणसाचा जीव गेल्यावर जनहित याचिका आली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने धिर्यो बंद करायला सांगितली.

एकाच वर्षात तीन निकाल. साहेबाचा घोडा कौशल्य ठरला, पर्यटकाचं टेबल महसूल ठरलं, आणि कुळवाड्याचा बैल गुन्हा ठरला.

तेव्हा धिर्योप्रेमी म्हणतात ना, की गरिबाचा म्हणून आमचा खेळ मेला, ते मला खोटं वाटत नाही. दुखणं खरं आहे. फक्त त्यावर तुम्ही जे औषध काढलंय त्याची बाटली उघडून बघा, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या लहानपणची धिर्यो सांगतो. कापणी झालेली, शेतं मोकळी, जमिनीला अजून ओल. तिसऱ्या प्रहरी वाड्यावाड्यावरून माणसं यायची, बायका बांधावर लांब उभ्या राहायच्या. बैलवाला बैलाला नमस्कार करून सोडायचा. वर्षभर त्याने त्याला पोटच्या पोरासारखं पोसलेलं असे. कुळीथ शिजवून घालायचा, संध्याकाळी ओहळावर नेऊन चोळून धुवायचा. दोघे बैल समोरासमोर आले की आधी नुसते बघत राहायचे. पुढच्या खुराने माती उकरायचे. मग डोकी भिडायची आणि तो आवाज, शिंगावर शिंगाचा, सुकं लाकूड फोडल्यासारखा, तो मला आजही ऐकू येतो. पुष्कळदा एकाने दोन मिनिटांत मान वळवली आणि पळाला की खेळ संपला. माणसं वाट काढून बाजूला, बैल पुढे, बैलवाला त्याच्यामागे हाका मारत. पैजा तेव्हाही लागायच्या. दोन रुपये, नारळ, हंगाम असला तर हुर्राकाची बाटली. मीसुद्धा एकदा आईच्या डब्यातले आठ आणे लावले होते. मला धिर्यो आवडायची, खोटं कशाला बोलू?

आता गेल्या हिवाळ्यातली सांगतो. गावाचं नाव घेत नाही, तुम्ही विचारूही नका.

रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ, शेतावर धुकं. शेजारचा मुलगा म्हणाला, भाई, चल, बघूक येतलो? गेलो. बांधाला लागून मोटरसायकलींची रांग, चार-पाच गाड्या, त्यातली एक बाहेरच्या नंबरची. बायका एकही नाही. दोनेकशे माणसं असतील आणि त्यातली निम्मी बैलांकडे बघतच नव्हती, फोनकडे बघत होती. एक पोरगा फोन उंच धरून उभा. पलीकडे कुणीतरी बोटीवरचा खलाशी, कुणी आखातातला, कुणी लंडनचा. तिथून भाव सांगतायत आणि हा इथून ओरडतोय. दुसरा एक पोरगा पैसे घेत होता. हातात वही नाही, चिठ्ठी नाही. मी विचारलं, हिशेब कसो धरता? तो हसला. म्हणाला, बाबा, आतां सगळें फोनारूच.

बैल दोन्ही मोठे, अंगाला तेल लावल्यासारखे चकाकणारे. तांबड्याची शिंगं तासलेली दिसत होती, टोकं पांढरी आणि नवी. काळ्याचा डावा कान आधीच फाटलेला, जखम सुकलेली. भिडले. तीस-चाळीस सेकंद दोघेही जागेवर, चारही पाय मातीत रुतलेले, फक्त मानांचे पुठ्ठे थरथरतायत. मग काळ्याने डोकं काढून घेतलं. पळाला नाही, नुसतं डोकं काढलं आणि एक पाऊल मागे घेतलं. झालं. एक टोळकं म्हणालं हरला, दुसरं म्हणालं लागलीच कुठे, पुन्हा लावा. काळ्याच्या बैलवाल्याने पुन्हा लावायला नकार दिला. त्याच्या अंगावर चार जण धावून गेले. बैल बाजूला राहिले आणि माणसांची धिर्यो सुरू झाली.

मी तिथे उभा राहून महालक्ष्मीच्या त्या दहा मिनिटांचा विचार करत होतो. हजारो माणसं, हातात तिकीट, गप्प.

पोलीस आले, सगळं पांगून गेल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. रिकाम्या शेतात त्यांना शेण आणि बिअरच्या बाटल्या मिळाल्या.

परत येताना काळ्याचा मालक ओहळाच्या कडेला दिसला. बैलाच्या मानेवर पाणी मारत होता. मानेखाली वीतभर फाटलं होतं आणि त्याने त्यावर हळद दाबून धरली होती. बैल शांत उभा होता, मधूनच कातडी थरथरवत. डॉक्टरला बोलावलंस का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, बोलावला तर विचारील कसं लागलं, मग? हरलेला बैल पुढे कुठे जातो ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

सन्माननीय सदस्यांनो, रेसचा दाखला देताना तुम्ही फक्त एवढंच घेता की तिथेही जनावर आहे आणि तिथेही पैसा आहे. पण रेस टिकली ती मधल्या सगळ्या खटाटोपामुळे. तो काटा, ते स्टुअर्ड, तो तपासणारा डॉक्टर, तो फळ्यावरचा आकडा. आपलं घोडं पेंड खातं ते इथेच. धिर्योत यातलं काहीही नाही, आणि मला भीती अशी की तुमच्या मसुद्यातही ते नसेल. मसुद्यात संस्कृती असेल, परंपरा असेल, पर्यटन तर असणारच. पैज हा शब्द नसेल.

जल्लीकट्टूचा दाखलाही जरा जपून द्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या उचलून धरल्या हे खरं. पण तिथे माणूस बैलाला बिलगतो, बैल धावतात. बैलाला बैलाशी झुंजवत नाहीत. जनावरांना एकमेकांशी लढायला लावणं हाच १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. तो पाया हलवायचा तर केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती आणि तिला राष्ट्रपतींची संमती, असा लांबचा पल्ला आहे. तुमच्यातल्या वकिलांना हे पाठ असणार. बाकं वाजवताना विसरतात, एवढंच.

कायद्याने तोंडदेखलं काही करायची सवय आपल्याला नवी नाही. पर्वरीहून मांडवीवरचा पूल उतरताना रात्री कॅसिनोच्या बोटींच्या उजेडाची जी रांग दिसते, ती बघत तुम्ही रोज घरी जाता. कायद्यात 'ऑफशोअर', म्हणजे किनाऱ्यापासून दूर, आणि बोटी नदीत, पणजीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. गोमंतकीयांनी त्यात खेळू नये म्हणून २०१२ साली दुरुस्ती केली आणि ती अंमलात आली फेब्रुवारी २०२० मध्ये. मधली साडेसात वर्षं कोण कशाची वाट बघत होतं? आणि कॅसिनोत गोमंतकीयाला बंदी, पण तिठ्यावरच्या गाड्यावर मटक्याचा आकडा घ्यायला कुणाला बंदी आहे असं मला तरी दिसलेलं नाही. मटकाही मुंबईनेच दिलेला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले भाव येत तेव्हा लोक त्यांवर आकडे लावायचे. ते भाव यायचे बंद झाले तसे माठातून आकडे काढायला लागले. आता ना माठ राहिला ना कापूस, ओपन आणि क्लोज तेवढे राहिले. आमच्या तिठ्यावर सकाळी पाव घ्यायला गेलो की पाववाल्याच्या शेजारी आकडेवाला बसलेला असतो. दोघांचंही गिऱ्हाईक तेच.

जुगार बंद होईल असं मानायचं माझं वय राहिलेलं नाही. काकांना मी वीस वर्षं पाहिलं. माझं म्हणणं इतकंच की जे चालतं त्याचं नाव घ्या.

धिर्यो कायदेशीर करायचीच असेल तर विधेयकाच्या पहिल्या पानावर पैज लिहा. ती लागणार की नाही? लागणार असेल तर पैसा कोण गोळा करणार, कुठल्या खिडकीवर, किती कापून, आणि आकडा कुठल्या फळ्यावर लावणार? बोटीवरच्या आणि लंडनच्या माणसाचा पैसा त्यात धरणार का? की तो आजच्यासारखाच त्या पोराच्या फोनवर राहणार आणि सरकार फक्त मैदानाचं भाडं घेणार? बैल हरला हे कोण ठरवणार? काळ्याने डोकं काढलं ते हरणं की दम खाणं, हे सांगायला शेतात एक तरी माणूस असा लागेल ज्याच्या शब्दापुढे दोनशे माणसं गप्प राहतील. असा माणूस तुमच्या मतदारसंघात आहे? माझ्या तालुक्यात मला तरी माहीत नाही. आणि मैदानाच्या कडेला जनावरांचा डॉक्टर बसवणार असाल, तर त्याला फक्त टाके घालायला बसवू नका. शिंगं तासलेली दिसली, जुनी जखम दिसली, तर हा बैल आज उतरणार नाही असं सांगायचा अधिकार त्याला द्या. दोन लाख लागलेले असताना तो अधिकार तो वापरू शकेल का, याचाही विचार करा. त्या डॉक्टरला परत त्याच गावात राहायचं असतं.

आणि पैज लागणार नाही असं तुमचं उत्तर असेल, तर तेही मोठ्याने सांगा आणि मग एक हंगाम खरोखरच बिनपैजेची धिर्यो भरवून दाखवा, फोन बाहेर ठेवून. किती माणसं येतात ते मला मोजायचंय. कदाचित पुष्कळ येतील. बांधावर पुन्हा बायका उभ्या दिसतील. तसं झालं तर मी चुकलो असं मी लिहून देईन.

मला विचाराल तर बैलांना झुंजवूच नये. ओहळावरची ती हळद पाहिल्यापासून माझं मत पक्कं झालंय. पण माझं मत एक आणि तुमची चाळीस, तेव्हा ते बाजूला ठेवतो.

काका गेले त्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना रेसची जुनी पुस्तकं निघाली. समासात तांबड्या पेन्सिलीने सगळा हिशेब, प्रत्येक रविवारचा. लावले किती, आले किती, गेले किती. शेवटच्या पानापर्यंत एकाही रविवारी खाडाखोड नाही. त्या शेतातल्या पोराकडे असं एखादं पान तरी आहे का, हे तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन विचारावं असं मला वाटतं.

तुमच्यातल्या ज्यांना धिर्योवर भाषण करायचंय त्यांनी अधिवेशनाआधीच्या एखाद्या रविवारी माझ्याकडे यावं. झेंड्याची गाडी आणू नका, ती दिसली की खेळ हलवतात. सकाळी सहाला निघावं लागेल. चप्पल जुनी घाला, शेतात दव असतं आणि चिखलही. परत येताना चालतच यावं लागतं.

आपला नम्र,
पेडणे तालुक्यातला एक निवृत्त मतदार